नोडएमसीयू: लाइट परत आली की बोर्ड उठतच नाही, मदत हवी आहे

मंडळी, मी पुण्यात, आईबाबा गावी. खाली मोटर चालू आणि वर टाकी वाहतेय, हे रोजचंच. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ईएसपी८२६६ चिपवाल्या नोडएमसीयूवर (वायफाय असलेला, प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड) एक जुगाड केला. टाकीच्या झाकणाला आतून पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर, बोर्डाच्या डी८ पिनवर मोटर चालू-बंद करायला ५ व्होल्टचा रिले (विजेने चालणारा स्विच) मॉड्यूल, आणि पातळी मला मोबाइलवर दिसते. बोर्डाला फोनचा जुना चार्जर, ५ व्होल्ट १ अँपियर.

पुण्यात टेबलावर रिलेऐवजी एलईडी लावून आठवडाभर चालवलं, एकदाही अडलं नाही. गावी मात्र लाइट जाऊन आली की संपलं. रिलेवरचा लाल दिवा लागतो, बोर्ड ढिम्म. आरएसटीचं (रीसेटचं) बटण दाबूनही काही नाही. परवा बाबांनी वैतागून रिलेची डी८ ला जाणारी पिवळी वायर उपटली, चार्जर काढून घातला, तर बोर्ड चालू! वायर परत खोचली तरी चालतच राहिला, पुढच्या वेळी लाइट जाईपर्यंत. आता लाइट आली की वायर उपटायची, हा त्यांचा नेम झालाय. "यापेक्षा गच्चीवर जाऊन डोकावणं बरं होतं," म्हणतात. काय बोलणार!

चार्जर बदलून झाला. आता सरळ ईएसपी३२ (याच घराण्यातली पुढची चिप) घेऊ का?

प्रतिसाद १
मला अजूनही वीजपुरवठ्याचीच शंका आहे. वायफाय सुरू होताना चिप क्षणभर बराच करंट ओढते, त्यात रिलेची कॉइल. ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकून बघा.

प्रतिसाद २
कपॅसिटर टाका, वाया जाणार नाही. पण वायर उपटली की उठतो, म्हणजे गोम त्या वायरीतच आहे. बोर्डालाच विचारा ना. रिले जोडलेला ठेवून लॅपटॉप लावा, सिरियल मॉनिटर (बोर्ड पाठवतो तो मजकूर दाखवणारी खिडकी) ७४८८० बॉडवर, म्हणजे त्या वेगावर, ठेवा आणि आरएसटी दाबा. नेहमीच्या ११५२०० वर चिप जागी होताना छापते तो मजकूर नुसता कचरा दिसतो. जे छापून येईल ते जसंच्या तसं इथे टाका.

धागाकर्ता
शनिवारी गावी आलो. 'आरएसटी कॉज २, बूट मोड ७,७' आणि पुढे 'वेटिंग फॉर होस्ट'. मग गप्प. हा कुठल्या होस्टची वाट बघतोय?

प्रतिसाद २
सापडलं. डी८ म्हणजे चिपची जीपीआयओ १५ क्रमांकाची पिन. चिप जागी होताना तीन पिना बघते: ०, २ आणि १५. पहिल्या दोन हाय (३.३ व्होल्टकडे) आणि १५ लो (शून्याकडे) असेल तरच ती फ्लॅशमधला तुमचा प्रोग्राम उचलते, तेव्हा बूट मोडचा पहिला आकडा ३ येतो. १५ हाय दिसली की ती एसडीआयओवरून (दुसऱ्या चिपशी जोडायची वाट) कुणी प्रोग्राम देईल म्हणून बसून राहते, तोच तुमचा ७. बोर्डावर १५ ला खाली ओढणारा रेझिस्टर आहे, पण तुमचा रिले लो दिल्यावर लागणाऱ्या जातीचा दिसतो. त्याची इनपुट आतून ५ व्होल्टकडे ओढलेली असते आणि त्या ओढीपुढे हा रेझिस्टर टिकत नाही. एलईडी ग्राउंडकडे जोडलेला होता म्हणून टेबलावर सगळं गोड.

रिले डी१ किंवा डी२ वर न्या. डी३, डी४ नको, त्या ० आणि २ आहेत. कोडमध्ये आधी पिन हाय लिहा, मग आउटपुट करा, नाहीतर सुरुवातीलाच रिले टक्‌ करेल. ईएसपी३२ घेऊन यातून सुटका नाही, तिथे जीपीआयओ १२ असाच रुसतो.

प्रतिसाद ३
दोन गोष्टी राहिल्या. सेन्सरचा इको पाय ५ व्होल्ट देतो आणि ही चिप ३.३ ची. मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी दोन रेझिस्टरांची जोडी) घाला. दुसरं, मोटर थेट त्या चिमुकल्या रिलेवर आहे का? त्यावर १० अँपियर छापलेलं असलं तरी सुरू होताना मोटर चालू करंटच्या कितीतरी पट ओढते, संपर्क चिकटले तर मोटर बंदच होणार नाही. रिलेने कॉन्टॅक्टरची (मोटरसारख्या जड लोडसाठीचा दणकट रिले) कॉइल चालवा, मोटर कॉन्टॅक्टरवर. ते काम वायरमनकडून करून घ्या.

धागाकर्ता
वायर डी१ वर नेली, कोडात एक आकडा बदलला. मेन स्विच पाच वेळा खाली-वर केला, पाचही वेळा बोर्ड उठला. मात्र राउटर यायला दोनेक मिनिटं लागतात आणि माझा कोड तोवर वायफायची वाट बघत लूपमध्ये अडकतो, पातळी वाचतच नाही. ते आज रात्री वेगळं करतो. डिव्हायडर घातला. मोटर थेट रिलेवरच होती, वायरमन सोमवारी येतोय, तोपर्यंत मोटर हातानेच. बाबांनी पिवळ्या वायरीवर चिकटपट्टी मारून ठेवली आहे, आता कुणी उपटायची नाही म्हणून.