यंग अ‍ॅडल्ट कादंबऱ्यांनी तुमचा विरस कुठे केला?

शाहूपुरी, सातारा (धागाकर्ती)

भाचीने सुट्टीत तिच्या आवडत्या पुस्तकांची थप्पी माझ्याकडे टाकली आणि "मावशी, तू वाचच" म्हणून गेली. ट्वायलाइट (२००५), हंगर गेम्स (२००८), डायव्हर्जंट (२०११) आणि त्यांची पुढची पिलावळ. सगळी वाचली. चाळिशी उलटलेल्या बाईने पोरांच्या पुस्तकांना नाकं कशाला मुरडावीत, असं कुणी म्हणायच्या आत सांगते: अमेरिकेत बोवकर या संस्थेने २०१२ साली पाहणी केली, तेव्हा १२ ते १७ वयासाठी म्हणून छापलेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक अठराच्या वरचे निघाले. त्यातही सगळ्यात मोठा गट ३० ते ४४ चा. म्हणजे आम्हीही गिऱ्हाईकच, आणि गिऱ्हाइकाने तक्रार करायची असते.

नायिकेच्या वयाबद्दल माझं काही म्हणणं नाही. सोळा-सतरा वर्षांची पोर जगाकडे कशी बघते ते वाचायला मला आजही आवडतं. पण या पोरी बघतच नाहीत! ट्वायलाइटमधल्या बेलाचे वडील त्या पावसाळी गावाचे पोलीसप्रमुख. एवढं आयतं माणूस घरात असून ते दिवसभर काय करतात, गावात कोण कुणाशी भांडतं, याचं तिला सोयरसुतक नाही. तिचा प्रियकर एडवर्ड मात्र पानोपानी देखणा. १९०१ साली जन्मलेला आणि १९१८ पासून सतराचाच राहिलेला हा गृहस्थ रात्री तिच्या नकळत खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो, आणि हे कळल्यावर ती चिडायची सोडून मनातून सुखावते. भाचीला विचारलं, हे तुला चाललं? ती म्हणाली, "अगं मावशी, तो व्हॅम्पायर आहे." पुढे काय बोलणार!

तुमचे अनुभव लिहा. पुस्तक शेवटपर्यंत वाचलं असेल तर उत्तम, पण बिनसलं कुठे ते नेमकं सांगा. नुसतं "बकवास" नको.

कराड, कॉलेजात शिकवतो

डायव्हर्जंट मालिका. भविष्यातलं शिकागो, माणसं पाच गटांत वाटलेली: निःस्वार्थी, स्पष्टवक्ते, विद्वान, शूर आणि शांतताप्रिय. सोळाव्या वर्षी चाचणी द्यायची आणि जन्मभरासाठी गट निवडायचा. नायिका ट्रिस एकाहून जास्त गटांत बसते, म्हणून ती धोकादायक. अहो, एकाच गटात बसतो कोण? माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारं पोरगंसुद्धा किमान तीन गटांत बसेल. हा पायाच मला शेवटपर्यंत पटला नाही.

तरी तिसऱ्या भागापर्यंत (अलीजंट, २०१३) नेटाने गेलो. पहिले दोन भाग ट्रिस एकटी सांगते, इथे तिचा मित्रही आळीपाळीने बोलतो. प्रकरणावर नाव छापलंय म्हणून बरं. चहाला उठून परत आलो की आत्ता बोलणारा 'मी' मुलगा आहे की मुलगी, हे मागची पानं उलटून बघावं लागायचं. दोघांची वाक्यं सारख्याच लांबीची, विनोद सारखे, घाबरणंही सारखंच. वर सगळं चालू वर्तमानकाळात: मी धावते, मी वळते, मी श्वास घेते. शे-दोनशे पानं असं धावल्यावर आपल्यालाच धाप लागते. लेखिकेने पहिला भाग कॉलेजात असताना लिहिला होता, त्यामुळे तिच्यावर राग नाही. प्रकाशकाकडे संपादक काय करत होते, हा प्रश्न आहे. सिनेमावाल्यांनाही अखेर दम लागला. शेवटचा चित्रपट निघालाच नाही.

आमच्या कराडातच प्रकाश नारायण संत भूगर्भशास्त्र शिकवायचे. त्यांच्या 'वनवास'मधल्या (१९९४) लंपनवर जग वाचवायची जबाबदारी नाही, त्याला कुठली चाचणीही नाही. तरी त्या शाळकरी पोराला जेवढं दिसतं, तेवढं ट्रिसला तीन जाडजूड भागांत दिसत नाही.

मिरज, परिचारिका

माझं दुखणं 'द फॉल्ट इन अवर स्टार्स'. कॅन्सर झालेली सोळा वर्षांची हेझल, नाकात नळी, सोबत ऑक्सिजनची टाकी चाकांच्या गाड्यावर. ते ओझं लेखकाला कळलंय, मानलं मी. तिचं औषध काल्पनिक आहे आणि तसं लेखकाने स्वतःच सांगितलंय, त्यालाही हरकत नाही.

हरकत बोलण्याला. हेझल आणि तिचा मित्र, दोन्ही पोरं तोंड उघडलं की सुविचार! या वयाची पोरं आमच्याकडे येतात. सलाईन लावताना ती विश्वाच्या पसाऱ्यावर बोलत नाहीत. "सिस्टर, चार्जर आहे का?" "मॅच कुठं लागलीय?" एकाने नळीने कानामागचं कातडं सोलवटलं म्हणून मला गॉज लावायला सांगितला आणि हळूच म्हणाला, "आई आत आली की मला झोपलाय म्हणून सांगा." एवढंच. त्याच्यापुढे पुस्तकातलं ते ॲम्स्टरडॅम, ॲन फ्रँकच्या घरात दोघांचं चुंबन आणि भोवतीच्या पर्यटकांच्या टाळ्या! तिथे मी पुस्तक मिटलं. लोक धाय मोकलून रडले म्हणे. मला नाही आलं रडू.

विटा

प्रत्येकाचे तीन भाग कशाला लागतात ते कुणी सांगेल का? मधला भाग नुसता वेळकाढूपणा.

जत, शिक्षक

हंगर गेम्सला सरसकट त्याच माळेत ओवू नका. त्यात एक गोष्ट आहे ती दुष्काळी भागातल्या माणसाला लगेच भिडते. घरात खायला नसेल तर पोरांनी धान्य आणि तेल घ्यायचं, आणि त्या बदल्यात मृत्यूच्या सोडतीत आपल्या नावाच्या जादा चिठ्ठ्या टाकायच्या. नाव निघालं की टीव्हीवर सगळ्यांसमोर एकमेकांना मारायच्या खेळात उतरायचं. चिठ्ठ्या दरवर्षी साठत जातात. सोळाव्या वर्षी नायिका कॅटनिसच्या वीस, अठराव्या वर्षी तिचा मित्र गेलच्या बेचाळीस. सोडत सगळ्यांना सारखीच, पण मरायचं गरिबाने! हे जिला सुचलं ती लेखिका कच्ची नव्हे.

पहिल्या भागातलं प्रेमप्रकरणही हुशारीने बेतलेलं. खेळातल्या जोडीदारावर, पीटावर, प्रेम दाखवलं की प्रेक्षक खूश, आणि प्रेक्षक खूश झाले की वरून रसद येते. म्हणजे प्रेमसुद्धा पोटासाठी. पुढे मात्र हा की तो, हा की तो, हेच दळण. आणि निवडायची वेळ येते तेव्हा एक बॉम्ब पडतो, त्यात तिची बहीण जाते, बॉम्ब गेलच्या कल्पनेतला असावा असा संशय राहतो आणि गेल आपोआप बाद होतो. पोरीला निवडावं लागतच नाही, लेखिकेनेच परस्पर मिटवून टाकलं. लई चिडलो होतो.

विश्रामबाग, सांगली

माझा विरस वेगळा आहे. मुलगा दहावीत आहे. फास्टर फेणे त्याचा कधीच संपला, त्यानंतर मराठीत काय देऊ म्हणून विचारलं की जो तो 'मृत्युंजय' पुढे करतो. मधल्या चार-पाच वर्षांत पोराने काय वाचायचं? मग तो ही इंग्रजी वाचतो आणि आपण इथे बसून दात काढतो.

सातारा, वय १९

सर्व काका-मावश्यांना नमस्कार. मी तेरा वर्षांची असताना हॉस्टेलवर पांघरुणात ट्वायलाइट वाचलं. नवी शाळा, कुणाशी जमत नाही, आणि पुस्तकातली मुलगीसुद्धा नवीनच. बाकी काही लागत नव्हतं तेव्हा. आता वाचवत नाही, हे खरं.

पण तुम्ही सगळे त्याच त्या जुन्या बेस्टसेलरना धोपटताय. 'द हेट यू गिव्ह' (२०१७) कुणी वाचलंय? सोळा वर्षांची स्टार, कृष्णवर्णीय वस्तीत घर, शाळा श्रीमंत गोऱ्यांची. तिच्या डोळ्यांदेखत पोलीस तिच्या मित्राला गोळी घालतो. ती बघते, मावशी. सगळं बघते.

शाहूपुरी, सातारा (धागाकर्ती)

भाचीच्या मोबाइलवर होतं, सुरुवात केली. मान्य. बापाचं किराणा दुकान दिसतं, वस्तीतली माणसं दिसतात. शाळेच्या दारात पाऊल टाकलं की स्टार आपलं बोलणं बदलते, तिथे हसले मी. पुण्याच्या गाडीने खंबाटकी ओलांडली की आमच्या भाचीचं "लई" असंच गळून पडतं. अजून अर्धं व्हायचंय.

वर्तमानकाळ मात्र इथेही आहे, कराडचे सर. पण अजून धाप लागलेली नाही.