हिप्नॉटिक पॅटर्नमुळे प्रत्येक चकमक पहिल्याच राउंडला आटोपते. स्पेल बदलू की राक्षस?

विसाचा_फासा
डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा भूमिका-खेळ) पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं. चौघांची पार्टी, लेव्हल ५: फायटर, रोग (म्हणजे चोरटा), क्लेरिक, विझार्ड. समोर ८ हॉबगॉब्लिन आणि त्यांचा कॅप्टन. हिशेब असा: ८ × १०० अधिक ७०० म्हणजे १५०० एक्सपी (अनुभव-गुण, यावरूनच चकमकीचं वजन मोजतात). नऊ जण म्हणून गुणक अडीच, एकूण ३७५०. चौघांसाठी हार्डची (अवघड) पातळी ३०००, डेडलीची (जीवघेणी) ४४००. म्हणजे कागदावर चकमक चांगलीच जड.
टेबलावर मात्र विझार्डची टर्न आली की हिप्नॉटिक पॅटर्न (शत्रूंना भुरळ घालून खिळवणारा स्पेल), डीसी १५; म्हणजे सेव्हला, स्पेल टाळायच्या फाशाला, किमान १५ हवेत. सहा-सात जण जागच्या जागी खिळतात आणि पुढचं सगळं म्हणजे कत्तलखाना. दर टर्नच्या शेवटी पुन्हा सेव्ह द्यायचा, असा घरचा नियम करावा म्हणतोय. त्याने स्पेल अगदीच निकामी होईल का? की चूक दुसरीकडेच आहे?

गुहेतला_उंदीर
घरचा नियम नंतर. आधी हे सांगा, खिळलेल्यांवर वार करताना ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घेणं) देताय का? घोळ बहुतेक वेळा इथेच असतो. या स्पेलने समोरचा चार्म्ड (मोहित) होतो, इनकपॅसिटेटेड होतो आणि त्याचा वेग शून्यावर येतो. इनकपॅसिटेटेड म्हणजे ॲक्शन नाही, रिॲक्शन नाही, बस्स. ॲडव्हान्टेज आणि ५ फुटांवरून लागलेल्या वाराचा आपोआप क्रिट (डॅमेजचे फासे दुप्पट), हे पॅरलाइज्ड किंवा अनकॉन्शसचं प्रकरण. हॉबगॉब्लिनचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १८ आहे, तो खिळल्यावरही १८च राहतो.
आता आकडे लावा. फायटर +७ ने मारतोय, म्हणजे विसाच्या फाशावर किमान ११ हवेत. निम्मे वार वाया. लाँगस्वर्ड १डी८+४ (आठ बाजूंचा एक फासा अधिक ४), हॉबगॉब्लिनचे एचपी (जीवाचे गुण) ११. एका घावात लोळवायचा तर डॅमेजच्या फाशावर ७ किंवा ८ पडले पाहिजेत, म्हणजे चारातून एकदा. उरलेल्या तीन वेळा तो जखमी होतो, आणि एका एचपीचं जरी डॅमेज झालं तरी जागा होतो. दोन वार धरूनही फायटरला एक हॉबगॉब्लिन संपवायला दोनेक राउंड लागतात. रोगचा स्नीक अटॅक (जादा डॅमेजचा वार) बसला तर एका फटक्यात काम होतं, पण त्यासाठी त्या हॉबगॉब्लिनच्या शेजारी पार्टीतलं कोणीतरी हवं.
आणि पार्टीने खिळलेल्या घोळक्यावर काहीही एरियाचं (एकदम अनेकांना लागणारं) टाकलं, तर जिवंत उरलेले सगळे एकदम जागे. हे खेळाडू विसरतात आणि डीएमही (खेळ चालवणारा) विसरतो.

चौकोनी_नकाशा
उंदीररावांशी सहमत, पण मूळ दुखणं नकाशावर आहे. स्पेलचा क्यूब ३० फुटी, म्हणजे ६ × ६ चौकोन. नऊच्या नऊ जण ३६ चौकोनांत मेंढरांसारखे कोंबले तर दुसरं काय होणार? हॉबगॉब्लिनचा विस्डम सेव्ह +०, डीसी १५ला ७० टक्के फसतात. आठातले साडेपाच.
डीएम त्यांना एकत्र का ठेवतो, तर मार्शल ॲडव्हान्टेज (हॉबगॉब्लिनची जादा डॅमेजची खुबी) वाचून. पण ते नीट वाचा. जादा २डी६ मिळायला हॉबगॉब्लिनचा साथीदार *लक्ष्याच्या* ५ फुटांत हवा. हॉबगॉब्लिनच्या शेजारी नव्हे. आणि ही गोष्ट कुठल्याही शस्त्राच्या हल्ल्याला लागू आहे, धनुष्यालाही. म्हणजे एक जण विझार्डच्या अंगाला भिडलेला, बाकीचे तीन दिशांना ८०-१०० फुटांवरून लाँगबो ताणून. प्रत्येक बाण १डी८+१ अधिक २डी६, सरासरी १२-१३. तेवढा एक भिडू खिळला तर मात्र जादा डॅमेज बंद, कारण साथीदार इनकपॅसिटेटेड असून चालत नाही. म्हणून भिडायला दोघे पाठवा, दोन वेगवेगळ्या बाजूंनी.
मी मांडणी अशी करेन: दोन-दोनच्या चार जोड्या, जोड्यांमध्ये किमान ४० फूट, कॅप्टन मागे आडोशाला. मग एका क्यूबमध्ये एकच जोडी सापडते. शिवाय लाँगबोचा पल्ला १५० फूट आणि स्पेलचा १२०. मोकळ्या माळावर १५० फुटांवरून सुरुवात केली तर विझार्डला आधी पुढे यावं लागेल.

गुहेतला_उंदीर
शेवटचं गणित चुकलं. १२० फूट ही क्यूबच्या उगमबिंदूची मर्यादा. उगमबिंदू क्यूबच्या एका बाजूवर धरतात, तिथून क्यूब पुढे आणखी ३० फूट पसरतो. १५० वर उभे राहिलेलेही सापडतात. त्याहून मागे सरकलात तर बाणांना डिसॲडव्हान्टेज. तेव्हा अंतरापेक्षा फैलाव महत्त्वाचा.

चौकोनी_नकाशा
मान्य, विसरलोच.

पोथीवाचक
कॅप्टनबद्दल कोणी बोललं नाही. त्याची लीडरशिप फक्त हल्ल्यांसाठी नाही, सेव्हसाठीही आहे. ३० फुटांत दिसणाऱ्या साथीदाराला १डी४ जादा. त्याने फसण्याचं प्रमाण ७० वरून साडेसत्तावन्न टक्क्यांवर येतं. अट अशी की विझार्डच्या टर्नआधी कॅप्टनची ॲक्शन त्यात गेलेली हवी, शिपायांना त्याचा आवाज ऐकू यायला हवा, आणि तो स्वतः खिळला की सगळं संपलं. म्हणून कॅप्टन खांबाआड, बैलगाडीआड, कुठेतरी पूर्ण आडोशाला, आणि एका फटीतून शिपायांवर नजर.
दुसरं, उठवणं. खिळलेल्याला हलवून जागं करायला एक ॲक्शन लागते. हॉबगॉब्लिन कवायती फौज आहे, त्यांना हे शिकवलेलं असणारच. बघा, जोडीतला एक खिळला, दुसऱ्याने त्याला हलवला: दोघांची एकेक टर्न गेली. तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटला (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) एवढी किंमत वाजवी आहे. स्पेल वाया गेला असं खेळाडूला वाटत नाही, आणि चकमकही जिवंत राहते.
पण हेच शहाणपण गॉब्लिनला देऊ नका. शेजारी खिळला तर गॉब्लिन बाण मारेल, बोनस ॲक्शनने लपेल, आणि फारच झालं तर शेजाऱ्याला तिथेच सोडून पळेल. त्यांचा गनिमी कावाच बरा: झुडपं, १५-२० फुटांचं अंतर, स्टेल्थ (लपण्याचं कौशल्य) +६. ओगरची इंटेलिजन्स ५. तो खिळलेल्या भावाकडे बघून फार तर डोकं खाजवेल. राक्षसाला जे माहीत असू शकतं तेवढंच त्याने करावं, नाहीतर तो राक्षस न राहता डीएम होतो.
कॉन्सन्ट्रेशनचंही बघा, विझार्डची एकाग्रता मोडली की स्पेल संपतो. मेज आर्मर (जादूचं चिलखत) घातलेल्या विझार्डचा एसी १५ धरला तर लाँगबो +३ ने ४५ टक्के लागतो. चार बाणांत साधारण दोन. प्रत्येक लागलेल्या बाणाला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह डीसी १०. +२ असेल तर एक बाण निभावण्याची शक्यता ६५ टक्के, दोन्ही निभावण्याची ४२. वॉर कास्टर (या सेव्हला ॲडव्हान्टेज देणारी खुबी) घेतला असेल तर ७७. शील्ड (ढालीचा स्पेल) टाकला तर एसी २०, मग बाण २० टक्केच लागतात. पण त्याचा एक स्लॉट आणि रिॲक्शन दोन्ही खर्ची पडले.

हळद_आणि_हेलफायर
मी स्पेलच्या बाजूने बोलतो. दर टर्नला सेव्हचा नियम नको. पहिल्या सेव्हला ७० टक्के खिळतात, आपल्या पहिल्या टर्नच्या शेवटी ४९ उरतात, दुसऱ्या टर्ननंतर ३४. त्यात डॅमेजने जागं होणं आणि साथीदाराने उठवणं आहेच. तिन्ही एकत्र केल्यावर दुसऱ्या लेव्हलचा वेब (शत्रूंना जाळ्यात अडकवणारा स्पेल) याच्यापेक्षा फायद्याचा ठरेल आणि विझार्ड हे पान पुन्हा उघडणार नाही.
आणि फायरबॉल बाजूला कसा राहिला? डीएमच्या पुस्तकातल्या तक्त्यात तिसऱ्या लेव्हलच्या बहुलक्ष्यी स्पेलला ६डी६ दिलेत, फायरबॉल ८डी६ करतो. सरासरी २८. हॉबगॉब्लिनचा सेव्ह लागला तरी १४, आणि त्याचे एचपी ११! म्हणजे त्या घोळक्यावर फायरबॉल पडला असता तर सेव्ह लागो न लागो, बहुतेक सगळे शिपाई गेलेच असते. तुमच्या चकमकीत हिप्नॉटिक पॅटर्न हा *सौम्य* पर्याय होता.
त्याची खरी दादागिरी जास्त एचपी आणि कमी विस्डमवाल्यांवर चालते. ५९ एचपीचा ओगर फायरबॉलने मरत नाही, पण पॅटर्नला ८० टक्के फसतो. तिथे गडी मिसळा. घूलला चार्म लागतच नाही, ॲनिमेटेड आर्मरलाही नाही. ड्राऊला चार्मविरुद्ध ॲडव्हान्टेज, म्हणजे ७० टक्क्यांचे ४९. मात्र प्रत्येक चकमकीत असेच शत्रू आणलेत तर तो विझार्डच्या खेळाडूवर सूड झाला. चारातून एकदा पुरे.
नियम बदलायचाच असेल तर असा: खिळलेल्याच्या ५ फुटांत त्याचा साथीदार मेला, तर त्याला एक नवा सेव्ह. कत्तलीचा वेग आपोआप बसतो, आणि नोंदीही फार ठेवाव्या लागत नाहीत.

विसाचा_फासा
ॲडव्हान्टेज देत होतो. आणि हो, सगळे एका चौकात उभे होते. 🙏 आणखी एक विचारतो, दिवसाला एक किंवा दोनच चकमकी होतात. त्याचा यात किती हात?

पोथीवाचक
बराच. लेव्हल ५च्या विझार्डकडे तिसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट, आणि दिवसातून एकदा शॉर्ट रेस्टनंतर (छोट्या विश्रांतीनंतर) आर्केन रिकव्हरीने एक परत. म्हणजे तीन पॅटर्न. पुस्तकाला दिवसाला सहा ते आठ मध्यम-अवघड चकमकी आणि मध्ये दोनेक शॉर्ट रेस्ट अपेक्षित आहेत. चकमकीच दोन असतील तर तो हात आखडून का खेळेल?
आठ चकमकी खेळवायला कोणाला वेळ आहे म्हणा. दोन उपाय. प्रवासाची मोहीम असेल तर डीएमच्या पुस्तकातला ग्रिटी रिॲलिझमचा पर्याय घ्या: शॉर्ट रेस्ट ८ तासांचा, लाँग रेस्ट ७ दिवसांचा. आठवड्याभरात पाच-सहा चकमकी सहज बसतात. पण मेज आर्मरसारखे ८ तासांचे स्पेल त्यात मार खातात, ते आधी सांगून ठेवा.
दुसरा उपाय, एकच चकमक दोन लाटांत. पॅटर्न क्षणभर चमकतो आणि नाहीसा होतो. त्या क्षणी जो क्यूबमध्ये होता आणि ज्याने तो पाहिला, त्यालाच लागतो. तिसऱ्या राउंडला येणाऱ्या चौघांना तिथे काहीच दिसणार नाही. पहिल्या लाटेत पाच, दुसऱ्या लाटेत चार, शिंग फुंकून. ते शिंग पहिल्या राउंडलाच ऐकू येऊ द्या, म्हणजे स्लॉट आत्ता खर्च करायचा की राखून ठेवायचा हे विझार्डला ठरवता येईल.

हळद_आणि_हेलफायर
आणि यातला कुठलाही बदल मोहिमेच्या मध्येच करणार असाल तर खेळाडूला आधी सांगा, हवं तर स्पेल बदलू द्या. तिसऱ्या लेव्हलचा स्पेल पोथीत उतरवायला ६ तास आणि १५० सोन्याची नाणी लागतात. तेवढी या वेळी माफ करा.