मदत हवी आहे: घाटात चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता कशी उचलायची?

सोनचाफा

नमस्कार मंडळी,

यंदा गणपतीला पुण्याहून चिपळूणजवळ माहेरी जायचंय आणि गाडी मी एकटीच चालवणार आहे. नवरा नंतर रेल्वेने येईल. बरोबर सासूबाई, दोन मुलं आणि डिकीत मावेल त्याहून थोडं जास्त सामान. गाडी वॅगन आर, एक लिटर पेट्रोल, मॅन्युअल, सेकंडहँड घेतलेली. हिल होल्ड (चढावर गाडी आपोआप धरून ठेवणारी सोय) वगैरे लाड नाहीत.

रस्ता नेहमीचा: उंब्रजला हायवे सोडून पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. हायवेची मला भीती वाटत नाही, रात्रीसुद्धा चालवते. जाताना कुंभार्ली उतरायचाच असतो, तेही जमेल. प्रश्न परतीचा आहे. पोफळी सोडलं की चढ लागतो, आणि गणपतीच्या दिवसांत एखादा ट्रक वळणावर अडकला की मागे रांग लागते. ती रांग गाडीभर पुढे सरकते, थांबते, परत सरकते. प्रत्येक वेळी चढावर शून्यातून गाडी उचलायची.

माझं नेमकं काय होतं ते सांगते. ब्रेकवरून पाय काढून अ‍ॅक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी मागे जायला लागते. घाबरून क्लच पटकन सोडला की बंद पडते. बंद पडू नये म्हणून जास्त रेस दिली की क्लच जळल्याचा वास येतो आणि मागची सीट एकदम शांत होते. सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर कोणी नसताना मात्र व्यवस्थित जमतं! मागे कोणी हॉर्न वाजवला की संपलं.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये "क्लच हळू सोडा मॅडम" एवढंच ऐकलं. चढ आला की सरांच्या बाजूचे पेडल काम करायचे, हे मला लायसन्स मिळाल्यावर कळलं.

तर हँडब्रेक वापरायचा की नाही? रेस किती द्यायची? मागे चिकटून उभा राहणाऱ्याचं काय करायचं? आणि सराव कुठे करू? "ऑटोमॅटिक घ्या" हा सल्ला घरात रोज मिळतो, तो सोडून सगळं चालेल.

घाटमाथा

हँडब्रेक वापरायचा. चढावर तुमची धांदल उडते कारण दोन पायांकडून तीन पेडलची कामं एकाच क्षणी करून हवी असतात. हँडब्रेकने गाडी धरून ठेवली की उजवा पाय मोकळा होतो आणि घाई संपते. मागचा हॉर्न वाजवू दे, गाडी कुठे जात नाही.

गाडी थांबली की पायाचा ब्रेक दाबून ठेवा, हँडब्रेक पूर्ण ओढा, मग ब्रेकवरचा पाय हळूच सैल करून बघा. गाडी जागची हलली नाही म्हणजे हँडब्रेक धरतोय. रांग लगेच सरकणार नसेल तर न्यूट्रल करून दोन्ही पायांना विश्रांती द्या. पुढची गाडी हलली की क्लच दाबून पहिला गिअर टाका. हँडब्रेकचा दांडा हातात घ्या, किंचित वर ओढून बटण दाबून धरा, पण खाली सोडू नका. आता थोडी रेस द्या आणि ती तशीच स्थिर ठेवा. क्लच सावकाश वर येऊ द्या. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, मागचा भाग किंचित बसतो आणि बॉनेट वर उचलल्यासारखं दिसतं. वॅगन आरला इंजिनाची ओढ पुढच्या चाकांवर आणि हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, त्यामुळे हा बदल चांगला जाणवतो. तिथे डावा पाय जागच्या जागी थांबवायचा. थांबवायचा म्हणजे अगदी थांबवायचा, बहुतेकांचं इथेच चुकतं: बॉनेट उचललं की आनंदाने क्लच सोडून देतात.

पाय तसाच ठेवून हँडब्रेक खाली करा. गाडी जागेवर राहील किंवा मुंगीच्या पावलाने पुढे सरकेल. मागे गेली तर हँडब्रेक परत वर, घाबरायचं कारण नाही. सरकायला लागली की रेस थोडी वाढवून उरलेला क्लच सोडा.

रेसचं म्हणाल तर टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाचे फेरे, म्हणजे आरपीएम, दाखवणारा काटा) असेल तर दीड ते दोन हजार आरपीएम. नसेल तर आवाजावर जा, सपाटीला देता त्यापेक्षा स्पष्टपणे जास्त पण किंचाळणारा नको. गाडी, माणसं, सामान मिळून हजार-अकराशे किलो धरा. दहाला एक असा चढ असेल तर शंभर किलोच्या वर वजन तुम्हाला सतत मागे ओढत असतं. ते आधी इंजिनाने पेलायला हवं, मग गाडी पुढे जाईल.

स्टेपनी

हँडब्रेक नवशिक्यांसाठी ठीक आहे, पण गाडीभर अंतरासाठी दर वेळी दांडा ओढत बसलात तर कोयनानगरपर्यंत खांदा निखळेल. मी कधीच वापरत नाही. ब्रेक दाबलेला असतानाच क्लच त्या जड आवाजाच्या जागेपर्यंत आणायचा, मग उजवा पाय ब्रेकवरून रेसवर. गाडीला मागे जायला वेळच मिळत नाही. रेस नंतर दिली तरी चालते.

घाटमाथा

स्टेपनी, तुमची गाडी कुठली?

स्टेपनी

जुनी डिझेल स्विफ्ट.

घाटमाथा

वाटलंच. त्या १.३ लिटर डिझेलला दोन हजार आरपीएमला १९० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायची ताकद, आहे. ताईंच्या एक लिटर पेट्रोलला जेमतेम ९०, आणि तोही साडेतीन हजारांच्या आसपास. तुमची गाडी नुसत्या क्लचवर चढ ओढते, त्यांची रेसशिवाय बंद पडणार, तेही चार जणांचं ओझं घेऊन.

आणि नवशिक्यांचं काम कसलं? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला पंधरावा नियम वाचा. लायसन्सच्या चाचणीत काय काय करून दाखवायचं त्याची यादी आहे. त्यात खड्या चढावर गाडी थांबवून, हँडब्रेक किंवा अ‍ॅक्सिलरेटर आणि पायाचा ब्रेक नीट वापरून, अजिबात मागे न जाता पुन्हा सुरू करणं स्पष्ट लिहिलंय. दोन्ही पद्धती मान्य आहेत. ही चाचणी सगळीकडे खरोखर घेतली असती तर हा धागाच निघाला नसता.

स्टेपनी

बरं, पेट्रोलबद्दल मागे घेतो. हलका चढ असेल आणि गाडी रिकामी असेल तर माझी पद्धत पेट्रोललाही चालते, एवढं मात्र म्हणेन.

ग्रीसचे हात

गॅरेजवाला आहे, म्हणून माझ्याकडे येणारी दुखणी सांगतो. ताई, तुम्ही रेस जास्त देता हा अर्धाच प्रश्न आहे. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडलेला असताना, गाडी किती वेळ राहते ते बघा. काही जण चढावर ब्रेक न लावता क्लच आणि रेसवर गाडी तोलून उभी ठेवतात, हात स्टिअरिंगवर, चेहऱ्यावर कौतुक. क्लच प्लेटचं फेसिंग त्या वेळी घासत असतं आणि सगळी उष्णता तिथेच साठते. वास त्याचाच. उचलताना दोन-तीन सेकंद हाफ क्लच होणारच, त्याने काही बिघडत नाही. उभं राहायला मात्र ब्रेकच.

वास आलाच तर जागा बघून बाजूला घ्या, हँडब्रेक लावा, न्यूट्रल करून इंजिन चालू ठेवा आणि क्लचवरचा पाय पूर्ण काढा. प्लेट मोकळी फिरत राहिली की निवते. लगेच पुन्हा चढ घेऊ नका.

निघायच्या आधी दोन गोष्टी तपासून घ्या. पहिली, हँडब्रेक. रॅम्पवर गाडी उभी करून फक्त हँडब्रेकवर सोडा. दांडा खूप वर येऊनही गाडी सरकत असेल तर केबल किंवा मागचे लायनर बघायला लागतील. सेकंडहँड गाडीत हे हमखास दुर्लक्षित असतं. दुसरी, क्लच. रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये जोरात रेस द्या. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग त्या मानाने वाढत नाही, असं झालं तर प्लेट घसरते आहे. मग कितीही सराव करा, कुंभार्ली नको. पेडल अगदी वर आल्यावरच क्लच पकडत असेल तरी एकदा दाखवून घ्या.

चढावर रांगेत एसी बंद ठेवा. छोट्या इंजिनाला तेवढाही फरक पडतो. सासूबाईंना आधी कल्पना द्या.

सोनचाफा

सगळ्यांचे आभार! हँडब्रेक तपासून घेते. सासूबाईंचं एसीशिवाय चालतं, मुलांचं बघू. मागच्या गाडीचं अजून कोणी बोललं नाही. माझी निम्मी भीती तीच आहे.

कोयनाकाठ

पाटणचा आहे, कुंभार्लीत महिन्यातून दोनदा तरी जाणं होतं. मागच्याला तुम्ही दूर ढकलू शकत नाही, तेव्हा पुढचं अंतर आपल्या हातात ठेवा. पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसत राहतील इतकं मागे थांबायचं. पुढे लोड ट्रक असेल तर त्याच्या दुप्पट, कारण तोही उचलताना मागे येतो. त्याचा क्लीनर उटी (चाकाला अडसर म्हणून लावायचा ठोकळा) घेऊन चाकाशी उतरला की समजायचं, अजून वेळ आहे, न्यूट्रल करा.

दुसरं म्हणजे रांग हातभर सरकली की हातभर सरकायचं नाही. तीन-चार गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच निघा. मधल्या जागेत दुचाकीवाले शिरतील, शिरू द्या. मागचे हॉर्न वाजवतील, तेही वाजवू द्या. हॉर्नला पुढे जायची घाई असते, पण जागा पुढेच नसते. एक गमतीची गोष्ट, गाडी वीतभर मागे गेली की मागचा आपण होऊन दोन हात अंतर सोडतो. मुद्दाम करा असं म्हणत नाही. 🙂

थांबायची जागा निवडता आली तर वळणाच्या आधी सरळ भागात थांबा. नागमोडी वळणात आतल्या अंगाला चढ सगळ्यात खडा असतो आणि बाहेरून गेलं तर मऊ. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणजे वर जाताना डावीकडचं वळण आलं की आपण नेमके खड्या बाजूला. तिथे रांगेत अडकायचं नाही, पुढचा ट्रक वळण पार करेपर्यंत खालीच उभं राहायचं. पावसाळ्यात त्या आतल्या अंगाला पाणी आणि बारीक खडी उतरलेली असते, जास्त रेस दिली की पुढची चाकं जागेवर फिरतात. तसं झालं तर रेस कमी करायची, वाढवायची नाही.

रस्ता दोन गाड्यांना पुरत नसेल तिथे वर येणाऱ्याला वाट देणं हे उतरणाऱ्याचं काम आहे. नियमात आहे आणि एसटीचे जुने ड्रायव्हर तो पाळतातही. पर्यटकांच्या मोठ्या गाड्यांकडून अपेक्षा ठेवू नका.

अर्धा चहा

सरावासाठी सिंहगडावर रविवारी जाऊ नका एवढंच सांगतो. अरुंद रस्ता, वळणावळणावर कोंडी, आणि खाली येणारे सगळे एकदम. बोपदेव घाट मधल्या वारी सकाळी लवकर बरा पडतो, पण आधी तुमचा रॅम्पच. बेसमेंटचे रॅम्प बहुतेक घाटांपेक्षा खडे असतात. घाटरस्त्याचा चढ साधारण वीसला एक ठेवायचा प्रयत्न असतो, वळणावर आणि जुन्या रस्त्यांवर तो वाढतो. रॅम्प जमला तर घाटातला चढ पायाला हलका लागेल. गाडीत माणसं बसवून सराव करा, रिकाम्या गाडीचा अंदाज भरल्या गाडीला लागू होत नाही. मागे ओळखीच्या कोणाला तरी दुसरी गाडी घेऊन उभं करा आणि त्याला हॉर्न वाजवायला सांगा. गंमत नाही, खरंच सांगतोय.

सोनचाफा

अपडेट देते. हँडब्रेकची केबल खरंच ढिली होती, गॅरेजमध्ये घट्ट करून आणली. रॅम्पवर मुलांना आणि शेजारच्या काकांना बसवलं, दिराने मागे बाइक लावून इमानदारीने हॉर्न वाजवला, वॉचमन येऊन विचारून गेला. बॉनेट उचलण्याची जागा आता पायाला कळते. तिथे पाय थांबवायचा हे घाटमाथांनी दोनदा लिहिलं होतं, त्याचं कारण समजलं. स्टेपनींची पद्धतही करून पाहिली, रॅम्पवर बंद पडली. 😄

आता शेवटचे दोन प्रश्न. जाताना उतारावर कुठला गिअर? आणि चहाला चढावरच गाडी लावावी लागली तर?

घाटमाथा

ज्या गिअरमध्ये तो घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. कुंभार्लीला बहुतेक दुसरा, मोकळ्या पट्ट्यात तिसरा. न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून अजिबात नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोनदा दाबेपर्यंतच पुरते, मग पेडल दगडासारखं होतं. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरू नका, दाबा, वेग कमी करा, सोडा.

कोयनाकाठ

गाडीचं तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स, आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला. गाडी सुटलीच तर रस्त्यावर न जाता डोंगराच्या बाजूला टेकेल अशी चाकं वळवून ठेवा. दरीच्या बाजूला लावूच नका. उताराच्या अंगाने चाकामागे एक चांगला दगड लावा. आणि निघताना तो दगड उचलून कडेला टाका. निम्म्या गाड्या तो रस्त्यातच सोडून जातात आणि रात्री धुक्यात तो बाइकवाल्याच्या चाकाखाली येतो.