मदत हवी आहे: ‘कूपर ब्लॅक’च्या जोडीला शोभेल असा देवनागरी फॉण्ट

सुगरणीची भाची:
नमस्कार मंडळी,
मावशीच्या दिवाळी फराळाच्या डब्यांसाठी लेबलं करतेय. इंग्रजी नाव कूपर ब्लॅकमध्येच घ्यायचं, हे आमचं पक्कं आहे. ऑस्वाल्ड कूपर यांनी शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप बनवणाऱ्या कंपनीसाठी (फाउंड्रीसाठी) केलेला हा टाइप १९२२ साली आला. भरलेलं अंग, गोलावलेल्या सेरिफ (रेघांच्या टोकांना असलेले छोटे पाय), मागे कललेली ‘ओ’ची पोकळी. ईझीजेटच्या विमानांवरचं नाव याच वळणाचं. मला तो फार आवडतो.

अडलंय मराठीपाशी. रोझा वन हा देवनागरी फॉण्ट लावून पाहिला. उभ्या रेघा दणदणीत, पण बाकीच्या अगदी बारीक. छपाई खाकी कागदावर, स्क्रीन प्रिंटिंगने. नमुन्यात त्या बारीक रेघा तुटल्या. दुसरा फॉण्ट, यात्रा वन, मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय. एकटा सुरेख दिसतो, पण त्याची टोकं कापलेली, कूपरची गुबगुबीत. शेजारी ठेवले की जमत नाही.

दुसरं, ‘साटोऱ्या’ लिहायला गेलं की ‘साटोर्या’ होतं. आणि ‘शंकरपाळे’, ‘लाडू’ यांतले श, ल हिंदी वळणाचे येतात. मावशीला ते चालत नाहीत, मलाही नाही.

फॉण्ट व्यवसायासाठी मोफत वापरता येणारा हवा. कुणी सुचवेल का?

जुळारी:
ताई, देवनागरीत सेरिफ शोधत बसू नका. शिरोरेघेला आणि कान्याला तशी टोकं लावली की अक्षर परकं दिसतं. जाडी आणि गोलाई जुळवा. कूपरमध्ये बारीक रेघ जवळपास नाहीच, म्हणून शाई थोडी पसरली तरी तो टिकतो. तुमच्या खाकी कागदाला तसंच अक्षर हवं.

‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ फॉण्ट बघा. ओपन फॉण्ट लायसन्स या मोफत वापराच्या परवान्याखाली आहे, धंद्याला वापरता येतो. मात्र त्याच्या आतल्या फटी फार निरुंद असतात. पदार्थाचं नाव मोठं असेल तरच घ्या, घटक पदार्थांच्या यादीला अजिबात नको. तिथे साधा ‘मुक्ता’ फॉण्ट लावा.

साटोऱ्यांसाठी ‘र’ नव्हे, ‘ऱ’ टाइप करा. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे. मग हलन्त, मग य. श आणि ल साठी सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडा. फॉण्टमध्ये मराठी रूपं असतील तर आपोआप येतील. नसतील, तर फॉण्ट बदला.

सुगरणीची भाची:
मनापासून आभार! ‘ऱ’ लगेच जमला. मोदक मोठ्या आकारात कूपरशेजारी खरंच शोभतोय. ‘ळ’च्या फटी मात्र बुजतील असं वाटतंय. छपाईवाल्यांना फाइल कशी देऊ?

जुळारी:
अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे मजकुराचं रेषाचित्रात रूपांतर करून, पीडीएफ द्या, म्हणजे त्यांच्याकडे फॉण्ट नसला तरी जोडाक्षरं फुटणार नाहीत. त्याआधी मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. ‘ळ’साठी त्याच कागदावर, त्याच शाईने एक नमुना काढून घ्या. फट बुजली, तर कर्व्ह केलेल्या अक्षरात ती थोडी रुंद करून द्या.