वय पंधरा वर्षांनी वाढलं म्हणून बाई बदलत नाही

जावयाच्या आयरिश खापरपणजीचा शोध घेणाऱ्या एका प्रश्नाला हे उत्तर. ती १९०१ च्या आयरिश जनगणनेत ५८ वर्षांची आणि १९११ मध्ये ७३, म्हणून या दोन वेगळ्या बायका, असं प्रश्नात ठरवून टाकलंय. थांबा जरा! जानेवारी १९०९ पासून तिथे सत्तरी गाठलेल्या गरिबांना सरकारी पेन्शन सुरू झालं. जन्मांची सरकारी नोंद १८६४ पासूनची, त्यामुळे आधी जन्मलेल्यांकडे सरकारी जन्मदाखला नव्हताच. मग काय, पेन्शनसाठी लोकांनी वय वाढवून सांगितलं आणि दहा वर्षांत अख्खी गावं पंधरा-पंधरा वर्षांनी म्हातारी झाली. घर, टाउनलँड (आयर्लंडमधला जमिनीचा लहानसा विभाग) आणि मुलांची नावं जुळत असतील तर मी तरी ती एकच बाई धरेन.

१९११ च्या जनगणनेच्या फॉर्मची मूळ प्रतिमा उघडा, नुसती टंकलेली नोंद नको. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, हयात किती, हे विवाहितांनाच विचारलं होतं. पण बऱ्याच विधवांनीही ते भरलं आणि नंतर कुणीतरी त्यावर काट मारली. खोडलेलं बहुधा वाचता येतं.

वयाचा पुरावा म्हणून पेन्शनच्या कामासाठी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतले उतारे मागवले जात. त्या जनगणना १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात जवळपास सगळ्या जळाल्या, पण उतारे मागवण्याचे ते अर्ज आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्हजच्या (राष्ट्रीय अभिलेखागाराच्या) साइटवर फुकट दिसतात. तिथे बाईंच्या आईवडिलांची नावं मिळू शकतात. आडनाव सलिव्हन आणि ओ'सलिव्हन, दोन्ही प्रकारे शोधा.