मदत हवी आहे: बाबांना गोळ्या-औषधांशिवाय सिगरेट सोडायची आहे, घरच्यांनी काय करावं?

पर्वती_पायथा:

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या बाबांसाठी आहे आणि त्यांना विचारूनच इथे लिहिते आहे.

बाबांनी साठी ओलांडली आहे. भोसरीतल्या एका कारखान्यात सगळी नोकरी शिफ्टमध्ये झाली, आता निवृत्त आहेत. सिगरेट विशीत लागली, म्हणजे चाळीसेक वर्षं झाली. दिवसाला दहा-बारा होतात. रक्तदाबाची गोळी चालू आहे, साखर नाही. परवा जेवताना ते आपणहून म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून बंद. पण त्यासाठी गोळी, च्युइंगम, पट्टी काही घेणार नाही. रोजची एक गोळी आहे ती पुरे." घरात कुणी मागे लागलेलं नव्हतं. आई तर नुसती बघत राहिली.

म्हणून एक विनंती, "मनात आणलं की सुटतं" असं कुणी लिहू नका. मनात त्यांनी आणलेलंच आहे. इतक्या वर्षांची सवय नुसत्या निर्धारावर सुटली नाही, तर ते स्वतःलाच दुबळे समजतील याची मला भीती वाटते. तशी वेळ येऊ नये, आणि आलीच तर आम्ही कसं सांभाळावं, हे मला समजून घ्यायचं आहे.

दहा-बारांतल्या तीनच खऱ्या अवघड, असं ते स्वतः सांगतात. पहिली पहाटेची. साडेपाचला गॅलरीचं दार सरकतं, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात सिगरेट, आणि ती संपल्याशिवाय त्यांचं पोट साफ होत नाही. हे बोलायला त्यांना संकोच वाटतो, पण खरी धास्ती याचीच आहे. दुसरी दुपारच्या जेवणानंतरची. तिसरी संध्याकाळी टपरीवरची, कंपनीतले जुने लोक जमतात तिथली. तिथे ते सिगरेटसाठी जातात की माणसांसाठी, हे त्यांनाही सांगता येत नाही. निवृत्तीनंतर बाहेर पडणं तेवढंच उरलं आहे. ते बंद करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तर विचारायचं असं, की रक्तदाब असताना एकदम बंद केलेलं चालतं का, की हळूहळू कमी करावी? पोटाचं काय? आणि पहिले काही आठवडे आम्ही घरात कसं वागावं?

भोसरीकर:

ताई, मीही त्याच पट्ट्यात नोकरी केलेला माणूस. माझी सुटून बरीच वर्षं झाली, औषध न घेता.

एकदमच बंद करू द्या. दहाची पाच आणि पाचाची दोन करायला गेलं की उरलेल्या दोनांची किंमत भलतीच वाढते. माणूस दिवसभर घड्याळाकडे बघत बसतो. तारीख ठरवा आणि आदल्या रात्री घरातलं सगळं बाहेर काढा. पाकीट सगळेच टाकतात. मागे राहतं ते स्कूटरच्या डिकीतलं लायटर, रेनकोटच्या खिशातली काडेपेटी आणि गॅलरीत कुंडीमागे ठेवलेला थोटकांचा डबा. तो डबा घासूनपुसून ठेवू नका, टाकून द्या.

पहिले तीन दिवस सगळ्यात जड जातात. तलफ आली की आता ही वाढतच जाणार असं वाटतं, पण ती पाच-सात मिनिटांत उतरते. ओढली तरी उतरते, नाही ओढली तरी उतरते. हे एकदा अंगाला कळलं की निम्मं काम झालं. मी त्या वेळात घोट घोट पाणी प्यायचो आणि बसलेली जागा सोडायचो. बसल्या जागी तलफ जिरवणं महाकठीण. उठायचं, चपला घालायच्या, जिना उतरून गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन यायचं.

टपरी पहिला महिनाभर तरी नको, यात मी तडजोड सांगणार नाही. महाराष्ट्रात सुट्या सिगरेटी विकायला २०२० पासून बंदी आहे, पण टपरीवर सुटी मिळतेच. त्यामुळे घरात पाकीट नाही म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही, धोका तिथल्या एका सुट्या सिगरेटीचा असतो. माणसं मात्र सोडू नका. त्यांना घरी बोलवा, नाहीतर तळजाईवर फिरायला चला म्हणा. आणि बाबांनी स्वतः प्रत्येकाला फोन करून सांगावं, "मी सोडली आहे, मला देऊ नका आणि मी मागितली तरी देऊ नका." तुम्ही सांगितलंत तर चेष्टा होईल. त्यांनी सांगितलं तर बहुतेक जण पाळतात. माझ्या कट्ट्यावरचा एक जण तर माझ्या जोडीने टेकडीवर यायला लागला.

तोंडात काहीतरी लागतं, तेव्हा खिशात बडीशेप, लवंग, आवळकाठी ठेवा. सुपारी नको. सिगरेट सुटली आणि सुपारी-तंबाखू लागली अशी माणसं मी शिफ्टमध्येच पाहिली आहेत, आणि सुपारीनेही तोंडाचा कर्करोग होतो.

छातीचा_डॉक्टर:

रक्तदाबाची गोळी चालू ठेवून सिगरेट एकदम बंद करण्यात धोका नाही. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम थांबवली तर झटके येऊ शकतात, त्यामुळे तंबाखूचंही तसंच असेल असं अनेकांना वाटतं. निकोटिन सुटताना त्रास होतो, पण जिवावर बेतत नाही. चिडचिड, अस्वस्थपणा, झोपमोड, भूक वाढणं, लक्ष न लागणं, असं सगळं होतं. दोन-तीन दिवसांत ते शिगेला पोचतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. नेहमीच्या डॉक्टरांना तारीख सांगून ठेवा आणि त्या महिन्यात रक्तदाब एक-दोनदा तपासून घ्या.

एकदम की हळूहळू, यावर ब्रिटनमधला २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. चार आठवड्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक सिगरेटपासून दूर होते, दोन आठवड्यांत कमी करत सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के. मात्र दोन्ही गटांना निकोटिनच्या पट्टीचा आणि समुपदेशनाचा आधार होता, हेही सांगायला हवं.

पोटाबद्दल. बाबांना वाटतं तो भास नाही. निकोटिनने आतड्यांना चालना मिळते, त्यामुळे ते थांबलं की काही आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकतो. पहाटे उठल्यावर मोठा पेलाभर कोमट पाणी, थोडं चालणं, आणि आजवरच्या ठरल्या वेळेला शौचाला बसणं चालू ठेवा. जेवणात पालेभाजी, भाकरी, पेरू, पपई वाढवा. तरीही अडलं तर रात्री इसबगोल चालेल, त्याबरोबर पाणी भरपूर हवं. आतडी नव्या वेळापत्रकाला सरावतात.

चहाची गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सिगरेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा जास्त वेगाने करतं. सिगरेट बंद झाली की हा वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहातलं कॅफिन रक्तात जास्त वेळ राहतं. मग छातीत धडधडतं, हात थरथरतात, झोप लागत नाही, आणि माणसाला वाटतं सिगरेट नाही म्हणून हे होतंय. पहिल्या दिवसापासून चहा निम्म्यावर आणा. पहाटेचा चहाही गॅलरीत नको, स्वयंपाकघरात घ्या.

सोडल्यावर सुरुवातीला खोकला आणि बेडका थोडा वाढू शकतो. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस पुन्हा कामाला लागतात, म्हणून ते होतं. पण खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, थुंकीत रक्त दिसलं किंवा वजन उगाच उतरायला लागलं, तर "सिगरेट सोडल्याचं असेल" म्हणून थांबू नका. छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करून घ्या.

औषध नको हा त्यांचा निर्णय मला मान्य आहे. तरी खरं सांगणं माझं काम आहे. कुठल्याही मदतीशिवाय सोडणाऱ्या शंभरांपैकी तीन ते पाच जणच सहा महिने-वर्षभर टिकतात. मदत घेतली की हा आकडा वाढतो, आणि मदत म्हणजे गोळीच असं नाही. सिगरेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत क्रमांक आहे. तिथे समुपदेशक बोलतात, तारीख ठरवायला मदत करतात आणि पुढेही फोन करून विचारपूस करतात. बाबांनी तो लावावा असं मी आग्रहाने सांगेन. आणि या खेपेला जमलं नाही, तर पुढच्या खेपेला निकोटिनचं च्युइंगम घेणं ही हार नव्हे, एवढं आजच त्यांच्या कानावर घालून ठेवा.

साठीनंतर सोडून काय मिळणार, असं कुणीतरी त्यांना म्हणेलच. ब्रिटनमधल्या डॉक्टरांची १९५१ पासून पन्नास वर्षं पाहणी झाली. त्यात साठीच्या सुमाराला सोडणाऱ्यांचं आयुष्यही ओढत राहणाऱ्यांपेक्षा सरासरी तीन वर्षांनी वाढलेलं दिसलं. हृदयविकाराचा वाढलेला धोका तर वर्षभरात जवळपास निम्म्यावर येतो.

सहकारनगरची_सून:

आमच्याकडे सासऱ्यांनी सोडली तेव्हाचं सांगते. मोजू नका, खिसे चाचपू नका आणि बाहेरून आल्यावर वास घेऊ नका. आपल्यावर पाळत आहे असं वाटलं की माणूस लपवायला लागतो, आणि लपवून ओढलेली सिगरेट सुटायला फार जड जाते. पहिल्या पंधरवड्यातलं तिरसट बोलणं मनावर घ्यायचं नाही, असं सासूबाईंनी आणि मी आधीच ठरवून टाकलं होतं. मुलांनाही सांगितलं होतं की आजोबा थोडे दिवस ओरडतील, ते तुमच्यावर नाही.

जेवण झालं की ताटावरून थेट उठून दात घासायचे, हा सासऱ्यांनी स्वतःच काढलेला उपाय. तोंड स्वच्छ झालं की ओढावीशी वाटत नाही, म्हणायचे. मग हाताला काम हवं असायचं. लसूण सोलणं, शेंगा निवडणं, मटार मोकळे करणं, सगळं मी दुपारसाठी राखून ठेवायला लागले. काही आठवड्यांनी एकदा ते आमटी भुरकताना थांबले आणि विचारलं, "आज हिंग बदललास का?" हिंग तोच होता. त्यांना वास यायला लागला होता.

वजन तीन-चार किलो वाढलं, त्यावरून घरात कुणी एक शब्द काढला नाही. तुम्हीही काढू नका.

पर्वती_पायथा:

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. पोटाबद्दलचं ऐकून ते इतके मोकळे झाले की मलाच आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की हे फक्त त्यांचंच आहे. चहा निम्मा करायला आईची तयारी आहे, बाबांची थोडी कुरकुर आहे. क्विटलाइनचा नंबर त्यांनी स्वतः फोनमध्ये घेतला. "बोलायला काय हरकत आहे, ती काय गोळी नाही," असं म्हणाले.

आता एकच अडचण. ठरवलेल्या तारखेनंतर तिसऱ्या आठवड्यात साताऱ्याला चुलतभावाच्या मुलीचं लग्न आहे. दोन दिवस मुक्काम. सगळे भाऊ मांडवामागे उभे राहून ओढतात, आणि बाबा त्यांच्यात थोरले. न जाणं शक्य नाही. तारीख पुढे ढकलावी का?

भोसरीकर:

तारीख ढकलू नका ताई. लग्न झालं की गणपती, गणपती झाले की दिवाळी. तिसऱ्या आठवड्यापर्यंत अंगातली मागणी बरीच कमी झालेली असते, उरते ती सवय आणि आग्रह. थोरले आहेत ही तर तुमच्या फायद्याची बाजू. थोरल्याने नाही म्हटलं तर धाकटे फार ताणत नाहीत. त्यांना फोन करायला सांगितलं आहे, त्या यादीत साताऱ्याचे भाऊही घाला, आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा फोन करू द्या.

मुक्कामात त्यांना मांडवामागे जायला सवडच मिळू नये असं काम द्या. आहेराची नोंद किंवा पंगतीची देखरेख, थोरल्यांना शोभेल असंच काहीतरी. हळदीची रात्र सगळ्यात धोक्याची, तेव्हा जेवणानंतर तुम्ही किंवा आई त्यांना घेऊन चालायला बाहेर पडा. आणि समजा एखादी ओढली गेलीच, तर परतीच्या गाडीत त्यावर चर्चा नको. दुसऱ्या दिवशी पहाटे कोमट पाणी आणि अर्धा कप चहा समोर ठेवा, जसा रोज ठेवाल तसा. एका सिगरेटीने सगळं वाया जात नाही. "आता गेलंच सगळं" म्हणून माणूस दुसरी पेटवतो, तिथून ती परत लागते.

निघायच्या आदल्या दिवशी इथे लिहा. बाबांची हरकत नसेल तर मी स्वतः त्यांच्याशी फोनवर बोलेन.