पुढच्या साथीआधी आपल्या कॉलनीत शोकात सोबत करणारा गट हवा की नको?

रामबागकर
एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, इंदूरच्या मुक्तिधामांत, म्हणजे स्मशानांत, रांगा लागल्या होत्या, हे कुणीच विसरलेलं नाही. पण त्या रांगेत उभ्या राहिलेल्या घरच्यांजवळ कोण होतं, यावर आपण मराठी मंडळी बोलत नाही. गणेशोत्सवाला समिती आहे, कोजागरीला आहे. मरण ओढवलेल्या घरासाठी काहीच नाही. दर कॉलनीत चार-पाच जाणत्या माणसांचा गट आत्ताच तयार असावा, असं माझं ठाम मत आहे.

सांत्वनाचे मेसेज तेव्हा ढिगानं आले. कमी पडला तो माहितगार माणूस. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं १५ मार्च २०२० लाच मृतदेहाबाबत सूचना काढल्या होत्या. कर्मचाऱ्यांनी पिशवीची चेन उघडून घरच्यांना शेवटचं तोंड दाखवावं, याला परवानगी होती. देहाला हात न लावता मंत्र म्हणायला, तीर्थ शिंपडायला हरकत नव्हती. अंघोळ घालणं, मिठी मारणं तेवढं नको. आणि राखेपासून धोका नाही, हेही स्पष्ट लिहिलं होतं. आमच्या गल्लीतला मुलगा मात्र बापाचं तोंड न बघता परतला, कारण ‘उघडत नाहीत’ असं कुणीतरी सांगितलं. अस्थी घरी आणायची भीती वाटली म्हणून गाठोडं मुक्तिधामातच राहिलं. ओंकारेश्वरला नेईपर्यंत पावसाळा उलटला. त्याच्या सोबत हे नियम माहीत असलेलं एक जरी माणूस असतं, तर हे टळलं असतं.

शिप्राकाठ
मनापासून लिहिलंत, पण मला पटत नाही. १८ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली ती १ मे २०२१ ला. त्याआधी धावपळ करणारी बहुतेक तरुण पोरं बिनलशीची होती, आणि घरी म्हातारे आईवडील. अशा वेळी शोकाच्या घरी गट पाठवणं म्हणजे आजार दारोदार नेणं. अंत्यविधीला माणसांची मर्यादा घातली होती ती उगीच नाही.

दुसरं, लोक तडफडले ते ऑक्सिजन आणि खाटा नव्हत्या म्हणून. त्याचा जाब सरकारला विचारायचा सोडून आपण मोहल्ल्यात समित्या काढायच्या? उद्या सगळं समाजावर ढकलून मोकळे होतील.

रात्रपाळी
मी नर्स आहे. आयसीयूत आम्ही रुग्णाच्या कानाला फोन धरायचो. दोन-दोन हातमोजे घातल्यावर स्क्रीनवर बोट लागत नाही, चष्म्यावर वाफ धरते. पलीकडून पाच जण एकदम बोलतात आणि ‘आवाज येतोय का’ यातच वेळ संपतो. एकानंच बोलावं, नाव घेऊन हाक मारावी, रडू आलं तरी फोन ठेवू नये, एवढं घरच्यांना आधी कुणी सांगितलं असतं तर खूप झालं असतं. त्यासाठी कुणाच्या घरात पाऊल टाकावं लागत नाही. हे काम फोनवर होतं.

केरळात हे जमलेलं आहे. कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या कामातून तिथे शेजारपाजारचे लोक प्रशिक्षण घेऊन असाध्य रुग्णांच्या घरी जायला लागले. सरकारनं २००८ मध्ये त्यासाठी धोरणच केलं. तेव्हा समाज पुढे आला की सरकार सुटतं, हे मला मान्य नाही.

लोकमान्यनगरची
माझी आई त्या लाटेत गेली. मला गट नको.
दिवसभर फोन. ‘कसं झालं? कुठे ॲडमिट होत्या? उशीर झाला का न्यायला?’ दर फोनला सगळं पहिल्यापासून सांगायचं, आणि शेवटी समोरच्यालाच रडू आलं म्हणून मी त्याला सावरायचं. मी स्वतः पॉझिटिव्ह, बाबा आतल्या खोलीत. एका ओळखीच्यांनी तर मला न विचारता ऑनलाइन दहाव्यासाठी गुरुजी ठरवले. शेवटी मी फोन बंद केला. मदत करणाऱ्यांचा उत्साह हा शोक झालेल्या माणसावर भार असतो, रामबागकर. तुम्ही त्यालाच आता पदाधिकारी नेमताय.

त्या दिवसांतली एकच गोष्ट मला हवीशी होती. समोरच्या काकू पिठलं-भाताचा डबा दाराच्या कडीला लावून जायच्या. बेल वाजवायच्या नाहीत, फोन करायच्या नाहीत.

रामबागकर
ताई, तुमचं सगळं मान्य, म्हणूनच अशा काकू ठरवून ठेवायच्या आहेत. पण डब्यानं कागद होत नाहीत. कोविडमृत्यूला घरच्यांना ५०,००० रुपये द्यायचे हे सप्टेंबर २०२१ मध्ये ठरलं. चाचणीनंतर ३० दिवसांच्या आतला मृत्यू, घरी झालेला असला तरी, त्यात धरला गेला. दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही एवढ्यावरून नाकारता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टानंही सांगितलं. अनाथ मुलांसाठी आपल्या राज्यात महिना ५,००० ची योजना आली. ज्या बाईनं कधी बँकेची पायरी चढलेली नाही, तिला हे कोण सांगणार? जाब विचारायलाही आधी कागद लागतो, शिप्राकाठ.

शिप्राकाठ
कागदांचं पटलं. पण मग ‘आपली मराठी मंडळी’ कशाला? गल्लीच्या तोंडाशी भाड्यानं राहणारं कुटुंब, धुणंभांडी करणाऱ्या मावशी, यांच्याकडे तुमचा गट जाणार का? ज्यांची नावं मंडळाच्या यादीत नाहीत, त्यांनाच हे सगळ्यात जास्त लागतं. ते नसेल तर मी विरोधातच.

रात्रपाळी
शिप्राकाठ यांच्या या मुद्द्याला माझं अनुमोदन. यादी गल्लीची करा, मंडळाची नको.

लोकमान्यनगरची
माझी अट वेगळी आहे. एका घरामागे एकच माणूस. तो कोण, हे त्या घरानं ठरवायचं, आणि ‘नको’ म्हटलं की परत विचारायचं नाही. विधी करायचे की नाही यावर गटातल्या कुणी तोंड उघडायचं नाही. आणि तेराव्यापर्यंत सगळेच येतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात फोन कोण करणार, त्याचं नाव आधी लिहा. मग मी माझं नाव द्यायचं की नाही ते बघेन.